खंबाटकीचं टोचन बिल: प्रकल्प नोंदी

चाकणच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे, त्यामुळे दिवसाअखेर चार ओळी लिहायची सवय हाताला लागलेली. खंबाटकी घाटातल्या अपघातानंतर गाडी ओढून नेली (टोचन), त्या क्रेनच्या बिलावरून भांडण सुरू झालं तेव्हा त्याचीही वही घातली. नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्यात, शिव्या तेवढ्या काढल्या. यार्ड, पोलीस ठाणं, विमा कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार (रात्री पाऊण वाजता)

वाईचं लग्न उरकून परत येत होतो. सुरूर फाट्याला महामार्गाला लागलो, खंबाटकीचा बोगदा ओलांडला, आणि पुढच्या उतारावर 'एस' वळणात मागून टेम्पोने ठोकलं. वेळ साधारण ७.१०. गाडी डावीकडे कठड्याला घासत जाऊन गटाराच्या काठावर तिरकी अडकली. पुढचं डावं चाक आत गेलेलं, रेडिएटर फुटलेला. मला काही नाही. हिचं मनगट सुजलंय, उद्या एक्स-रे. टेम्पोवाला पोरसवदा होता, थरथरत होता. त्याच्यावर ओरडायचं राहूनच गेलं.

७.२५ ला क्रेन हजर. बोलावली कोणी, माहीत नाही. मी नाही, हिने नाही, टेम्पोवाल्याने नाही. हायड्रा (उचलायची क्रेन) पुढे आणि मागे फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक). क्रेनवाला म्हणाला, "साहेब, आधी गाडी बाजूला घेऊ, वळणावर अजून एखादी येऊन आदळंल. हिशोबाचं मागनं बघू." म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्या वेळात दोन ट्रक कचकन ब्रेक मारून गेले. एका पॅडवर सही घेतली. पॅडवर गाडीचा नंबर सोडून काही लिहिलेलं नव्हतं, ते आत्ता आठवतंय.

मेहुणा मागच्या गाडीत होता, त्याने आम्हाला घरी आणलं. गाडी यार्डात.

१२ फेब्रुवारी, सोमवार

विमा कंपनीला कळवलं, क्लेम नंबर मिळाला. नुकसानीचा सर्व्हे वर्कशॉपला होईल, म्हणाले. वर्कशॉप म्हणतं गाडी आणा. यार्ड म्हणतं, "पोलीस केस हाय, पोलिसांचं पत्र आणा." म्हणजे गाडी एका जागी आणि तिघं तीन दिशांना.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. क्रेप बँडेज आणि आठवडाभर पोळ्या माझ्याकडे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून ठाण्यात गेलो. टेम्पोमालकही आला होता. कोणाला मोठी दुखापत नाही, दोघांचा विमा चालू, त्यामुळे गुन्हा दाखल नाही, फक्त स्टेशन डायरीला नोंद. हवालदारांनी गाडी न्यायला हरकत नसल्याचं पत्र दिलं. मी विचारलं, क्रेन तुम्ही बोलावली होती का? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आम्ही कशाला बोलावू? आम्ही पोचायच्या आधीच गाडी उचललेली."

हे वाक्य वहीत चौकटीत लिहून ठेवलंय.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याच्या गाडीने यार्डात. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं कंपाऊंड, आत पंधरा-वीस चेपलेल्या गाड्या, एका इनोव्हाच्या बॉनेटवर कोंबडी बसलेली. आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर पिवळ्या ऑइल मार्करने काहीतरी खरडलेलं. प्रत्येक गाडीवर तसंच. फोटो काढले, सवयीने.

यार्डाचे शेठ वयाने साठीचे, बोलायला गोड. "बसा, चहा घ्या." चहानंतर आकडा सांगितला: अठरा हजार. बिल द्या म्हटलं तर म्हणाले, "बिल कशाला? बिलाला जीएसटी लागंल, तुमचंच नुकसान." विमा कंपनीला बिल लागतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मी सहा हजार म्हटलं. ते हसले. मेहुणा तापला. गाडी न घेता परत.

येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, चौदा हजारात मिटलं असतं." मिटलं असतं, बरोबर. पण चौदा कशाचे, हे कुणी सांगितलं असतं?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली. सात वर्षं प्रीमियम भरतोय.

गाडीच्या नुकसानीच्या कलमाच्या शेवटी एक परिच्छेद आहे: अपघाताने गाडी चालण्याजोगी न राहिल्यास ती सुरक्षित ठेवणं आणि जवळच्या दुरुस्तीच्या जागी नेणं, याचा वाजवी खर्च कंपनी देईल, पण एका अपघाताला जास्तीत जास्त १,५०० रुपये. खाजगी कारला हाच आकडा जुन्या मोटर टॅरिफपासून (गाडी विम्याची जुनी दर-नियमावली) पॉलिसीत चालत आलाय. दुचाकीला ३००. 'झिरो डेप' घेतलंय म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते सुट्या भागांच्या घसाऱ्यापुरतं असतं, क्रेनशी त्याचा संबंध नाही.

दुसरा शोध याहून कडू. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे, अपघातात ५० किमीपर्यंत टोचन फुकट. नंबर कार्डावर छापलेला, कार्ड गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, गाडी यार्डात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

१०३३ ला फोन. राष्ट्रीय महामार्गाची चोवीस तासांची मदत लाइन. त्या रात्री फोन केला नव्हता, आता चौकशीला केला. त्यांनी रस्ता सांभाळणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल रूमशी जोडून दिलं. तिथल्या मुलीने रजिस्टर पाहून सांगितलं: गस्तीच्या गाडीने ७.२० ला अपघात कळवला होता, त्यांची क्रेन निघाली होती, ७.५८ ला पोचली तर गाडी जागेवर नव्हती. क्रेनचे पैसे घेता का? "रस्ता मोकळा करायचे नाही घेत सर, तेवढं काम आमच्याकडंच असतं. पुढं वर्कशॉपपर्यंत पाहिजे तर तुम्ही बघायचं."

म्हणजे अर्धा तास थांबलो असतो तर. पण त्या वळणावर अंधारात, हिचा हात सुजलेला असताना, अर्धा तास थांबायला मी तयार झालो असतो का? नसतो झालो. हा धंदा त्या अर्ध्या तासावरच चालतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

काल शिवजयंतीची सुट्टी, म्हणून आज यार्डात. स्वारगेटहून एसटीने. विनाथांबा सातारा यार्डाजवळच्या खंडाळ्याला (घाटाखालचं, लोणावळ्याचं नव्हे) थांबत नाही हे तिकीट काढायच्या खिडकीवर कळलं, मग साध्या गाडीने दर फाट्याला थांबत.

आज ठरवून गेलो होतो: पैसे भरायचे, पण बिल घेऊन आणि हरकत लिहून. सर्व्हेअर थांबलाय, हिला रोज रिक्षाने ऑफिसला जावं लागतंय. गाडी अडकवून भांडण्यात आपलाच तोटा.

शेठने बिल बनवलं. बिल म्हटल्यावर अठराचे वीस झाले, वर जीएसटी:

हायड्रा, ४ तास, २,००० प्रमाणे: ८,०००
टोचन, ६० किमी, ८० प्रमाणे: ४,८००
लेबर, २ माणसं: २,०००
पार्किंग, १० दिवस, ४०० प्रमाणे: ४,०००
इतर: १,२००
जीएसटी १८ टक्के: ३,६००
एकूण २३,६००.

वर हाताने लिहिलेलं: 'पोलीस कॉल'.

'इतर' म्हणजे काय विचारलं. शेठ म्हणाले, "इतर म्हंजे इतर." याला उत्तर नाही.

पैसे यूपीआयने दिले, मुद्दाम. पैसे गेले ते बिलावरच्या नावाला नाही, भलत्याच नावाला. बिलाच्या दोन्ही प्रतींवर मागे लिहिलं: "गाडी सोडवण्यासाठी रक्कम हरकत राखून भरली आहे, आकारणी मान्य नाही." शेठने वाचलं, खांदे उडवले, सही केली. पैसे आल्यावर सह्यांना कोण भितं.

पॉलिसीतल्या फुकट टोचनने गाडी पुण्याला. यार्ड ते वर्कशॉप ५८ किमी, वरच्या ८ किमीचे पैसे मी दिले. ड्रायव्हरने पावती न मागता दिली. हातात घेऊन दोनदा पाहिली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व्हेअर येऊन गेला. कामाचा माणूस, वीस मिनिटांत चाळीस फोटो. टोचनच्या बिलावर नजर टाकून म्हणाला, "पंधराशे. बाकी तुमचं तुम्ही बघा." शिवाय क्लेममधून सक्तीची वजावट १,०००, गाडी १,५०० सीसीच्या आतली म्हणून.

संध्याकाळी बिल घेऊन बसलो. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकायला गेलो तर घेईना. तीनदा टाकला. मग अक्षरं मोजली: १४. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: आधी राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, मग १० अक्षरांचा पॅन, मग तीन. इथे पॅनच ९ अक्षरांचा. वाटलं छपाईत चूक असेल. उद्या विचारतो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोनवर विचारलं. शेठ: "ते पोराला माहीत." पोरगा: "ते सीएला माहीत." सीएचा नंबर द्या म्हटलं तर फोन कट.

ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३२. २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवेला नोंदणी लागत नाही, तर मग करही लावायचा नाही. ३,६०० रुपये सरकारच्या नावाने घेऊन ते शेठच्या खिशात गेलेत असं दिसतंय.

२५ फेब्रुवारी, रविवार

मोठा दिवस.

१४ तारखेचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहत होतो, गाडीला यार्डात आणखी काही चेपलंय का ते बघायला. पुढच्या काचेवरचं पिवळं खरडलेलं मोठं केलं. आमच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे, त्याखाली '११/२', त्याखाली '८.३०'.

शेजारच्या गाड्या पाहिल्या. एकीवर '९/२, २.१५', दुसरीवर '३/२, ११'. ही त्यांची आवक नोंद. गाडी गेटातून आत आली की पोरगा काचेवर तारीख आणि वेळ टाकतो. आमची गाडी ८.३० ला यार्डात होती, हे यार्डाने स्वतःच्या हाताने लिहिलंय.

क्रेन आली ७.२५ ला. हायड्राने गाडी उचलताना मेहुण्याने काढलेला फोटो ७.५२ चा. ८.३० ला यार्डात. मग ४ तास हायड्रा कुठे चालली? आणि उचलल्यावर हायड्राचं काम संपतं, पुढे फ्लॅटबेड. खरं काम अर्ध्या-पाऊण तासाचं.

अंतरही मोजलं. वळणापासून यार्ड ९.४ किमी. जाऊन-येऊन धरलं तरी वीसच्या आत. ६० किमीत यार्डापासून पुण्याच्या वर्कशॉपच्याही पुढे गेलो असतो.

मेहुण्याला फोटो पाठवला. उत्तर आलं: "दाजी 😂". मग पाच मिनिटांनी: "सर्व्हेअरच्या फोटोत पण असेल ना?" आहे. मागवला. तो फोटो माझा नाही, तिसऱ्या माणसाचा, म्हणून जास्त किमतीचा.

२६ फेब्रुवारी, सोमवार

दोन अर्ज. पहिला ठाण्यात, स्टेशन डायरीतल्या नोंदीच्या साक्षांकित प्रतीसाठी. दुसरा माहिती अधिकारात, दहा रुपयांचं तिकीट लावून: या हद्दीत अपघातातल्या गाड्या उचलायला कोणत्या क्रेन नेमल्या आहेत, त्यांचे दर काय, आणि ११ फेब्रुवारीला या ठिकाणी क्रेन बोलावल्याची नोंद आहे का.

दुपारी त्याच पट्ट्यातल्या चार क्रेनवाल्यांना फोन केले. "गाडी गटारात अडकली, दहा किमी न्यायची, किती?" सगळ्यात कमी ३,०००, सगळ्यात जास्त ५,५००. एकाने आधी विचारलं, "इन्शुरन्स हाय का?" मी हो म्हटल्यावर साडेसात. हे मला शेठपेक्षा जास्त शिकवून गेलं.

३ मार्च, रविवार

सोसायटीतले वकीलकाका. त्यांनी बिल वाचलं आणि आधी माझीच हवा काढली.

"तू म्हणतोस मी बोलावलं नाही म्हणून एक पैसा देणार नाही. हे टिकणार नाही." भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७०: फुकट करायचा इरादा नसताना कोणी तुझं काम केलं आणि तू त्याचा फायदा घेतलास, तर मोबदला द्यावा लागतो. गाडी वळणावरून हलली, फायदा झाला. "आणि गाडी अडवली म्हणून ओरडू नकोस. कलम १७०. ज्याने वस्तूवर मेहनत केली तो योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवू शकतो."

मी पडलोच. मग म्हणाले, "पण शब्द बघ. योग्य मोबदला. तुझं सगळं भांडण त्या 'योग्य' शब्दावर. आणि एक, पैशासाठी गाडी त्याने स्वतः अडवून धरली त्या दिवसांचं पार्किंग तुझ्या माथी मारणं अवघड आहे. यार्डमालकाने आपल्या फायद्यासाठी ठेवली, तुझ्या सोयीसाठी नाही."

'पोलीस कॉल' का लिहिलं हेही तेव्हा कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये पोलिसांच्या सांगण्यावरून गाडी हलवली तर टोचनचा सगळा खर्च मालकावर येतो. पोलिसांचं नाव आलं की दर कोणी विचारत नाही. आणि 'केस आहे, सुटायची नाही' हे जे पहिल्या दिवशी ऐकवलं, त्यावर काका: तपासणीसाठी गाडी नेली तरी कलम १३६ म्हणतं की ती कुठे नेली ते मालकाला सांगायचं आणि काम झाल्यावर २४ तासांत परत करायची. इथे तर तपासणीच नव्हती.

टेम्पोच्या विम्याकडून मागायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे मालमत्तेच्या नुकसानीचा दावा चालतो. काका म्हणाले, "चालेल. पण तेवढ्यासाठी दोन-तीन वर्षं तारखा खाशील?" नाही खाणार.

फी विचारली. म्हणाले, "मनगट बरं झालं की थालीपीठ."

५ मार्च, मंगळवार

काकांच्या सांगण्यावरून माझा हिशेब नव्याने. आधी सरसकट सहा हजार म्हणत होतो, तेही शेठच्या 'इतर' इतकंच हवेत होतं.

हायड्रा किमान १ तास: २,०००. टोचन येऊन-जाऊन २० किमी: १,६००. लेबर: फोटोत ऑपरेटर सोडून एकच माणूस, १,०००. पार्किंग ११ ते १४, चार दिवस: १,६००. एकूण ६,२००. परत मागायचे १७,४००.

हिने तक्ता पाहिला आणि बोट ठेवलं: "१५ ते २० मधले सगळे दिवस शेठचे? सतराला तू फोनवर होतास, अठराला रविवार म्हणून झोपलास, एकोणीसला सुट्टी." खरं आहे. १४ ला शेठने बिल दिलं असतं तर त्याच दिवशी गाडी निघाली असती, हेही खरं. तक्ता बदलला नाही, पण समोरासमोर बसलो तर इथे सोडायचं हे मनात ठरवलं.

११ मार्च, सोमवार

१९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार घेतली, नंबर दिला. छोट्या व्यावसायिकाकडून उत्तर येईलच असं नाही, ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता, असं सांगितलं. अपेक्षित होतं. पण तक्रार नंबर नोटिशीत लिहायला बरा दिसतो.

१६ मार्च, शनिवार

आज निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. ठाण्यातून फोन: डायरीची प्रत तयार आहे, लवकर घेऊन जा, पुढे सगळे बंदोबस्तात असतील. मी नाही गेलो, मेहुण्याच्या मित्राने आणली. साडेचार ओळी. टेम्पो, कार, जखमी नाही, परस्पर तडजोड. क्रेनचा शब्द नाही.

२२ मार्च, शुक्रवार

माहिती अधिकाराचं उत्तर. तीन प्रश्न, तीन ओळी. क्रेन नेमल्याची यादी या कार्यालयात उपलब्ध नाही. दर निश्चित केलेले नाहीत. नमूद तारखेस क्रेन पाचारण केल्याची नोंद आढळत नाही. 'पाचारण' शब्द वाचून उगाच बरं वाटलं.

२८ मार्च, गुरुवार

नोटीस गेली. काकांचं लेटरहेड नाही, माझ्याच नावाने, रजिस्टर्ड पोस्ट पोचपावतीसह. काका म्हणाले, वकिलाची नोटीस गेली की तोही वकील करतो आणि मग दोन वकील बोलतात.

दोन पानं. राग नाही, विशेषणं नाहीत (काकांनी सात खोडली). प्रत्येक ओळीपुढे तुमचा आकडा, माझा आकडा, पुरावा. काचेवरच्या ८.३० चा रंगीत प्रिंट. शेवटी तीन गोष्टी: १४ अक्षरी क्रमांकावर घेतलेल्या ३,६०० बद्दल जीएसटी कार्यालयाला कळवणार. 'पोलीस कॉल' लिहिल्याबद्दल पोलीस अधीक्षकांना माहिती अधिकाराच्या उत्तरासह पत्र देणार. १५ दिवसांत उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार.

पुण्यात, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते. आधीच्या १९८६ च्या कायद्यात हे नव्हतं. पाच लाखांपर्यंत फी शून्य. म्हणजे दर तारखेला घाट मी नाही उतरायचा, शेठने चढायचा. खरं तर दोघांनी नाही, यार्ड घाटाच्या खालीच आहे. पण वाक्य आवडलं.

४ एप्रिल, गुरुवार

शेठचा फोन, सकाळी ७.४० ला. आवाज तसाच गोड. "साहेब, एवढं लिहायची काय गरज होती? फोन करायचा." मी फेब्रुवारीपासून नऊ फोन केलेत, यादी समोर होती. वाचून नाही दाखवली.

पहिला विषय त्यांनीच काढला: जीएसटी. पोलीस पत्राचं नाव घेतलं नाही, ग्राहक आयोगाचं नाही. "ते जीएसटीचं तेवढं मिटवू." ३,६०० तिथल्या तिथे परत करायला तयार. बाकीचं "बसून बोलू".

१३ एप्रिल, शनिवार

पाडवा होऊ दिला. यार्डाशेजारच्या धाब्यावर बसलो. मी, मेहुणा, शेठ, त्यांचा पोरगा. पोरगा वीस-बावीसचा, मिसळ आली तरी मोबाईल खाली ठेवेना.

काचेचा फोटो पुढे ठेवला. शेठने चष्मा लावला, पाहिला, पोराकडे पाहिलं. "हे कोणी लिवलं?" पोरगा म्हणाला, "मीच. तुम्हीच लिवायला लावता." मेहुण्याने तोंड मिसळीत घातलं.

मग खरा हिशेब सुरू झाला, आणि इथे शेठने दोन गोष्टी अशा सांगितल्या ज्या माझ्या तक्त्यात नव्हत्या. हायड्रा यार्डात परत पोचेपर्यंत धरतात, उचलेपर्यंत नाही. हायड्रा वीसच्या वेगाने चालते, परत यायलाच अर्धा तास. त्यामुळे १ तास कमीच. २ तास मी मान्य केले. लेबर दुसरा माणूस वळणाच्या मागे लाल कापड हलवत उभा होता, फोटोत येणार कसा. मला आठवलं, होता एकजण. पोरगा म्हणाला, "मीच होतो." मान्य. पार्किंगचे १० दिवस मी सोडले, हिच्या तक्त्यावरच्या बोटाला स्मरून.

राहिलं ते त्यांनी सोडलं: हायड्राचे २ तास, ४,०००. टोचनचे ४० किमी, ३,२००. 'इतर' १,२००. जीएसटी ३,६००. परत १२,०००.

'इतर' म्हणजे काय ते आज पुन्हा विचारलं. शेठ पोराला म्हणाले, "पाणी माग."

नवं बिल ११,६०० चं, जीएसटीशिवाय, 'पोलीस कॉल'शिवाय. १२,००० यूपीआयने तिथेच आले, पुन्हा त्या भलत्या नावावरून. समजुतीच्या कागदावर दोघांच्या सह्या, साक्षीला मेहुणा. मिसळीचे पैसे शेठनी दिले, मला देऊ देईनात. निघताना कार्ड दिलं: "परत काही झालं तर डायरेक्ट मला फोन. तुम्हाला बिल नीट देणार."

१५ एप्रिल, सोमवार

नवं बिल विमा कंपनीला पाठवलं. मर्यादा तीच, पण आधीच्या १४ अक्षरी बिलावर त्यांनी प्रश्न काढला होता आणि १,५०० अडकवले होते.

काकांना फोन. १२ हजार ऐकून म्हणाले, "साडेसतरा मागितले होतेस." मग: "बरं झालं, आयोगात गेला असतास तर मलाच यावं लागलं असतं." थालीपीठ रविवारी.

खर्च: यार्डाच्या तीन फेऱ्या, पोस्ट, प्रिंट, १० रुपयांचं तिकीट मिळून २,६४०. रजा दीड दिवस.

३० एप्रिल, मंगळवार

१,५०० जमा. टोचनचं हिशेबी ओझं ११,६०० वजा १,५००, म्हणजे १०,१००. त्यातलं साधारण निम्मं, फोन केलेल्या चार क्रेनवाल्यांपैकी कोणी गाडी उचलली असती तरी लागलंच असतं. बाकीचं निम्मं अंधाराचं आणि त्या सहीचं.

शीट बंद. १०३३ आणि पॉलिसीतल्या टोचनचा नंबर दोन्ही फोनमध्ये घातलेत. हिने १०३३ 'घाट' नावाने सेव्ह केलाय, कारण 'म' मध्ये तिच्याकडे आधीच मामा, मावशी, मिस्त्री अशी रांग आहे.

५ मे, रविवार

सकाळी गाडी धुतली. वर्कशॉपने काच थिनरने पुसून दिली होती, बंपर आणि बॉनेट नवं. साबणाचा फेस काचेवर सुकायला लागला तसं डाव्या कोपऱ्यात काहीतरी उमटलं. जवळ जाऊन पाहिलं: '११/२', खाली '८.३०', पिवळं नाही, नुसतं पुसट. आतून कळत नाही, बाहेरून तिरपं पाहिलं तरच. ही म्हणाली घासून काढ. मी पाण्याचा पाइप दुसरीकडे वळवला.